पेवात धुतलेली कुस्ती

दिनांक १२ जानेवारी १९४७, रविवार, फसली सन १३५६. या दिवशी झरी येथील नव्या तालमीचे उद्घाटन झाले आणि तालमीच्या पूर्वेकडील भिंतीवर एक तसबीर लावण्यात आली. तसबिरीत गंगाखेडच्या जत्रेतली कुस्ती आहे. वर भुजंग पैलवान, खाली मुंजाजी पैलवान. चौकटीखाली पितळी पाटी ठोकली आहे. तिच्यावरचा मजकूर असा : 'श्रीमंत आबासाहेब यांनी वर्षानुवर्षे जिवापाड जपलेल्या कॅमेऱ्यातून.' हे चित्र ज्याने काढले त्याचे नाव पाटीवर नाही. ज्या बाईने ते धुतले तिचेही नाही. याबद्दल तालमीच्या चालकांकडे त्याच सायंकाळी तोंडी आणि नंतर लेखी तक्रार करण्यात आली. उत्तर मिळाले की पाटी आता ठोकून झाली आहे, खिळे उपटले तर नव्या भिंतीचा गिलावा निघेल. गिलाव्याची एवढी काळजी करणाऱ्या या गावाने एका माणसाची अब्रू नऊ-दहा वर्षे बिनदिक्कत ओरबाडली होती. ती अब्रू त्याच्या बायकोने जमिनीखाली बसून कशी परत मिळवली, ते आता नोंदवून ठेवणे भाग आहे.

त्या बाईचे नाव धुरपताबाई. नवऱ्याचे नाव सूर्यभान.

सूर्यभान तरुणपणी पूर्णा जंक्शनवर रेल्वेत खलाशी होता. तेथल्या एका गार्डसाहेबाने विलायतेला परत जाताना आपला जुना काळा पेटीसारखा कॅमेरा त्याला बक्षीस दिला आणि सोबत तांबड्या काचेचा एक कंदीलही दिला. कॅमेरा साहेबाचा होता. कंदील बहुधा रेल्वेचा असावा. पण तो विषय येथे नको. पुढे वडील वारले, जमीन अंगावर आली, आणि सूर्यभान पेटी आणि कंदील घेऊन झरीला परतला. शेतीतून सवड मिळाली की तो जत्रांत, लग्नांत फोटो काढीत हिंडू लागला.

अडचण होती ती फोटो धुण्याची. रोल पेटीतून काढल्यापासून त्यावर चित्र पक्के होईपर्यंत पांढऱ्या उजेडाचा एक कवडसाही चालत नाही. तांबडा उजेड मात्र चालतो. सूर्यभानाचे घर माळवदाचे. त्याच्या छतातल्या सवण्यातून, दाराच्या फटीतून, कुडाच्या भोकातून ऊन आत शिरायचे. घोंगड्या टांगून झाल्या, कोनाडे बुजवून झाले, आणि पहिले दोन रोल काळेठिक्कर निघाले. तेव्हा चुलीपुढे बसलेली धुरपताबाई म्हणाली, "आपलं पेव रिकामंच पडलंय की. त्याच्यात कुठून यायलाय उजेड?"

पेव म्हणजे ज्वारी साठवण्यासाठी गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खोदलेली कोठी. आत रांजणासारखी फुगलेली, आणि वर तोंड इतके अरुंद की माणूस अंग चोरून उतरावा. बंद पेवात खराब हवा साचते आणि ती माणसाला हाक मारायलाही अवधी देत नाही, हे मराठवाड्यात शेंबडे पोरही जाणते. म्हणून पेव उघडले की ते आधी वाऱ्यावर सोडायचे, मग दोराने दिवा आत सोडून पाहायचा. दिवा विझला तर कोणी उतरायचे नाही. आणि माणूस खाली असेपर्यंत तोंडाशी दुसऱ्याने बसून हाका घालायच्या. खालून ओ आली नाही, तर इकडेतिकडे न बघता त्याला वर ओढायचे. या रिवाजाला अपवाद नाही.

सूर्यभानाचा जीव पेवात गुदमरायचा. तेव्हा ठरले ते असे, की फोटो तो काढणार आणि धुणार ती. तो वर तोंडावर घोंगडी पांघरून बसे आणि हाका घाली. ती खाली तांबड्या कंदिलाच्या उजेडात दोन चिनी मुलाम्याच्या थाळ्यांपुढे बसे. पहिल्या थाळीतल्या औषधाला ती 'उठावाचं पानी' म्हणे, कारण त्यात चित्र उठते. दुसऱ्या थाळीतल्या हायपोला ती 'बसवायचं पानी' म्हणे, कारण त्यात ते कायमचे बसते. गावातल्या बाया पाणवठ्यावर हसायच्या : "आमी लुगडी धुतो, धुरपती मानसं धुती."

सूर्यभानाला एक खोड होती, आणि तीच त्याला भोवली. रोल मिळायला कठीण. पण गावातल्या गोरगरीब म्हाताऱ्या हौसेने डोक्यावरून पदर घेऊन त्याच्यापुढे येऊन बसायच्या. त्यांना नाही म्हणणे त्याच्या जिवावर येई. मग तो रिकामीच पेटी त्यांच्यापुढे धरी, खटका दाबी आणि म्हणे, "झाला बरं का मावशी, लय झ्याक झाला." आठ दिवसांनी सांगे की तो रोल बिघडला. म्हाताऱ्यांचेही समाधान होई. गावाला ही गंमत ठाऊक होती, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. वावगे वाटायला पुढे एक दिवस यावा लागला.

सन १९३६ची महाशिवरात्र. गंगाखेडला गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, वाळवंटात मोठी जत्रा आणि कुस्त्यांचा फड. शेवटची कुस्ती झरीच्या भुजंगाची आणि मुंजाजीची. भुजंग शेतकऱ्याचा पोर, घरच्या दुधावर पोसलेला. मुंजाजी आबासाहेबांच्या पदरचा. आबासाहेब झरीचेच मोठे जमीनदार. फडाचे पंचही तेच. स्वतःचा पैलवान लढत असताना स्वतःच पंच होणे यात काही गैर आहे, असे त्या फडात कोणी म्हटले नाही. आजही म्हणत नाहीत.

त्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी, चांगले उजाडल्यावर, सूर्यभानाने अंगणात धुरपताबाईपुढे पेटी धरली. ती शेण कालवीत होती. तिने कोपरापर्यंत भरलेला हात वर केला आणि म्हणाली, "व्हा बाजूला. रिकामी पेटी दाखवून मला नका म्हाताऱ्यांत बसवू."

"आज भरलेली हाय," तो म्हणाला.

"असंल असंल!" ती हसली. खटका वाजला आणि तो गेला.

कुस्ती बराच वेळ चालली. शेवटी भुजंगाने मुंजाजीला उचलून पाठीवर घातला. त्याच क्षणी मागचे लोक पुढे रेटले, वाळू उडाली, एकच गलका झाला. आबासाहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पाठ लागली नाही. कुस्ती बरोबरीत."

फडाच्या कडेला गुडघ्यावर बसलेला सूर्यभान ओरडला, "लागली! दोनी खांदे लागले! माझ्या पेटीत हायेत!"

आबासाहेबांनी शांतपणे हात पुढे केला. "पेटीत आहे ना? मग आण ती इकडे. पंचाकडे राहू दे. आम्ही हैदराबादेहून धुवून आणवतो, म्हणजे कोणाला शंका नको."

पंचाने मागितलेली वस्तू शेतकऱ्याने द्यायची असते. सूर्यभानाने दिली.

ती पेटी पुन्हा दिसली नाही. विचारायला गेले की कधी हैदराबादेला गेलेली असे, कधी आबासाहेब गावी नसत. पुढे विचारणारेच थकले. आणि मग गावाला त्या म्हाताऱ्या आठवल्या. जो माणूस एरवी रिकामी पेटी दाबतो, त्याची पेटी त्या दिवशी कशावरून भरलेली होती? कोणी म्हणाले, रोल नव्हताच, म्हणून तर पठ्ठ्याने निमूट देऊन टाकली. सूर्यभानाला 'रिकामी पेटी' हे नाव पडले. बाजारात तो दिसला की कोणीतरी डोळ्यापुढे मूठ धरून खटका दाबल्यासारखे करी आणि भोवतालचे हसत. समोरच्या घरच्या कडूबाईची जीभ तर गावाच्याही पुढे. सूर्यभान दारातून गेला की ती आपल्या शेळीला म्हणायची, "बस गं, फोटो काढायलेत!" भुजंगाने त्या जत्रेनंतर लंगोट खुंटीला टांगला. बरोबरीत सुटलेला पैलवान म्हणून मिरवायचे नाही, असे त्याने ठरवले.

सन १९४१च्या थंडीत न्यूमोनिया होऊन सूर्यभान गेला. शेवटच्या तापात तो एकदाच नीट बोलला. "भरलेली व्हती गं," म्हणाला.

धुरपताबाईने मान हलवली. पण जे कोणापुढे कधी बोलली नाही ते येथे सांगितलेच पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे : तिलाही खात्री नव्हती. रोल नेहमी तोच भरायचा. त्या सकाळी त्याने तिलाही म्हाताऱ्यांसारखेच फसवले नसेल कशावरून? नवऱ्याची बाजू घेऊन ती गावाशी भांडत आली. पण घरात परतून एकटी बसली की तोच प्रश्न तिच्यापुढे येऊन बसे. नवरा खरा की गाव खरे, हे सांगू शकणारी वस्तू एकच होती, आणि ती आबासाहेबांच्या घरात होती.

आबासाहेबांनी ती वस्तू फोडून का टाकली नाही? आपल्याला खोटे पाडू शकणारी चीज नष्ट करायलाही ती खरी आहे असे आधी मनाशी कबूल करावे लागते. तेवढे धैर्य त्यांच्याजवळ नव्हते. त्यांनी ती एका जुन्या उपरण्यात गुंडाळून भिंतीतल्या धान्याच्या बळदात टाकली आणि विसरून गेले. बळद थंड, कोरडे, अंधारे. रोल टिकवायला त्याहून चांगली जागा सापडली नसती. 'जिवापाड जपलेल्या' म्हणतात ते हेच.

सन १९४५ची दिवाळी झाली आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणारी छबूबाई बोहारीण परभणीहून फिरत झरीला आली. आबासाहेबांच्या घरून मोठे गाठोडे घेऊन ती धुरपताबाईच्या ओट्यावर भाकर खायला टेकली.

"मोठ्या घरचं गाठोडं हलकंच असतंय बग," छबूबाई कुरकुरली. "फाटकी धोतरं, विरलेली उपरणी. आन् हे काय वझं घातलंय त्याच्यात कुनाला ठावं! पानदान म्हनावं तर उघडंना."

तिने काळी पेटी ओट्यावर आपटली.

पेटीचा पट्टा एके काळी तुटला होता, आणि धुरपताबाईने तो आपल्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून शिवला होता. काठ विटला होता. टाके तिचेच होते.

"छबू, हे मला दे."

"घे की. पर काय देशील?"

धुरपताबाई आत गेली आणि पाण्यावरचे तांब्याचे तपेले घेऊन आली. छबूबाई डोळे वटारून बघतच राहिली. "अगं बया! ह्या खोक्याला तपेलं? डोकं फिरलंय का तुजं?"

"तू घे आन् जा. न्हाई तर परत मागशील."

छबूबाई गेल्यावर धुरपताबाईने दार लोटले आणि पेटी मांडीवर घेतली. पेटीच्या बाजूला रोल पुढे सरकवायची किल्ली असते. रिकाम्या पेटीची किल्ली गरगर फिरते. ते फिरणे तिच्या बोटांना चांगले ठाऊक होते. तिने किल्लीवर बोटे ठेवली, आणि बराच वेळ ती फिरवण्याचे धाडस तिला झाले नाही. मग हळूच पिळली.

किल्ली जड फिरली. आत काहीतरी ओढले गेले.

धुरपताबाई तशीच उठली, पेटी पदराखाली धरली आणि भुजंगाच्या शेताची वाट धरली.

भुजंग आता चाळिशीकडे झुकला होता. तालीम सुटली होती, खाणे सुटले नव्हते. छाती पोटात उतरली होती. खांदे मात्र तसेच राहिले होते, घराच्या तुळईसारखे. त्याने किल्ली स्वतः फिरवून पाहिली.

"वैनी, ह्याच्यात मी हाय?"

"हाय का न्हाई ते धुतल्याबिगर कसं कळंल? आपलं जुनं औषध वाळून गेलंय. पूर्ण्याला जावा भावजी. टेसनाजवळच्या फोटोवाल्याला ह्यांचं नाव सांगा."

भुजंग परभणीला गाडी धरून पूर्ण्याला गेला. फोटोवाल्याने सगळे ऐकून घेतले आणि हात जोडले. "नऊ वर्षांचा रोल? पैलवान, तो गंगेत सोडा नि आंघोळ करून घरी जा." पण सूर्यभानाचे नाव निघताच तो नरमला. त्याने दोन्ही औषधे बांधून दिली, वर एक लहान पुडी दिली आणि बजावले : असा रोल धुक्यासारखा सगळाच काळवंडतो, पाणी गार हवे, ते धुके आवरायला ही पुडी पहिल्या पाण्यात हवी, आणि पोरगे पाळण्यातून डोके काढते तेवढे जरी चित्र दिसले तरी नशीब समजा.

मार्गशीर्षातला दिवस ठरला. आदल्या दिवशी पेव उघडून वाऱ्यावर सोडले. सकाळी दिवा सोडून पाहिला. तो संथ जळत राहिला. विहिरीचे पाणी रात्रभर मडक्यात ठेवून गारढोण केले होते. ऊन डोक्यावर यायच्या आत धुरपताबाई काष्टा आवळून, अंग चोरून आत उतरली. तोंडाखालची जागा टाळून पेवाच्या पोटात एका अंगाला बसली. तांबडा कंदील पेटवला. वर भुजंगाने तोंडावर दुहेरी घोंगडी टाकली आणि कडेला मांडी ठोकली.

"वैनी!"

"ओ!"

तिने पेटी उघडली, रोलची पट्टी कागदापासून सोडवली, दोन्ही टोके दोन हातांत धरली आणि पहिल्या पाण्यातून ती झोपाळ्यासारखी वरखाली फिरवू लागली.

"वैनी, काई दिसायलंय का?"

"न्हाई अजून. बोलू नका, नुसती हाक घाला."

"वैनी!"

"ओ!"

पट्टी राखेच्या पाण्यासारखी करडी होऊ लागली. फोटोवाला म्हणाला होता तेच धुके. पट्टी वरखाली होत राहिली. करडे आणखी करडे झाले. आणि मग त्या धुक्यातून, डाव्या हातातल्या टोकाशी, काहीतरी उठले.

धुतलेल्या पट्टीवर काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होते. ते उलटे चित्र वाचायला धुरपताबाईला वेळ लागत नसे. तिला वर केलेला एक हात दिसला, कोपरापर्यंत भरलेला. मग हसणारे तोंड. जत्रा नव्हे, कुस्ती नव्हे. ती स्वतः होती. त्या सकाळची, अंगणातली, "असंल असंल" म्हणणारी.

पेटी भरलेली होती. गावासाठी तर होतीच. त्या सकाळी तिच्यासाठीही होती.

"वैनी!"

धुरपताबाईचे हात फिरत होते. तोंडातून शब्द निघत नव्हता.

"वैनी! ओ द्या!"

ती त्या वर केलेल्या हाताकडेच बघत होती. ओ निघेना.

आता भुजंगाने काय करावे? रोल बिघडेल म्हणून वाट बघावी? पेवात माणूस आहे आणि ओ येत नाही, एवढेच त्याला कळत होते. जन्मापासून जे अंगी मुरले होते तेच त्याने केले. एका हिसड्यात घोंगडी फेकली आणि पाय आत सोडून उडी घातली.

पेवात उन्हाचा खांब कोसळला.

धुरपताबाईपाशी विचाराला वेळ नव्हता. पट्टी दोन हातांत होती, आणि लुगड्याच्या घोळात लपवता येईल असे टोक एकच होते. डाव्या हातात तिचा स्वतःचा चेहरा होता. उजव्या हातातले टोक अजून उठायचे होते; कुस्ती असली तर तिथेच असणार होती. तिने उजवी मूठ मांडीखाली, लुगड्याच्या थरांत खुपसली आणि डावा हात उजेडात राहू दिला.

आणि तेवढ्यात उजेड गेला.

गेला तो असा, की भुजंगाचे पाय आत आले, पोट कसेबसे आले, आणि खांदे तोंडात पाचरीसारखे बसले. ना आत, ना बाहेर. बाटलीला बूच बसावे तसे पेव बंद झाले. धुरपताबाईच्या समोर वरच्या अंगाला, तांबड्या उजेडात, दोन मोठे पाय हवेत चाचपडत होते.

"वैनी! जित्या हाव का?"

आता तिला आवाज फुटला. "हाय! जिती हाय! हलू नका!"

"मी अडकलो!"

"अडकलाव ते बरं झालं! तसंच ऱ्हावा! इंचभर सुदिक हलू नका!"

"दम कोंडायलाय वैनी!"

"धा मिनटं कळ काढा. फडात घंटा घंटा काढली की."

आणि झरीच्या भुजंगाने, ज्याने नऊ वर्षांत अंगाला माती लावली नव्हती, त्या अरुंद तोंडात खांदे ताठ धरून अशी पकड घेतली की सुईच्या टोकाएवढा उजेडही आत शिरला नाही. वर चेहरा लाल झाला, शिरा फुगल्या. येणारेजाणारे थांबून विचारू लागले की पैलवान जमिनीतून उगवला की काय. त्याने कोणालाही उत्तर दिले नाही आणि कोणाला हातही लावू दिला नाही.

खाली पट्टी पुन्हा पाण्यातून फिरू लागली. डाव्या टोकाचा चेहरा काळोखात बुडाला होता; राहिला होता फक्त वर केलेला हात. धुरपताबाईने तिकडे पुन्हा पाहिले नाही. तिची नजर उजव्या टोकावर होती. तिथे काळी वाळू उठली, वाळूवर दोन देह उठले. वरचा देह पहाडासारखा. खालच्या देहाच्या पाठीत आणि वाळूत जर बोटभर फट असती, तर तिथे सावलीची रेघ दिसली असती. तिने कंदील जवळ ओढला. रेघ नव्हती. खांदे वाळूत रुतलेले होते, डावाही आणि उजवाही.

वरून घुसमटलेला आवाज आला. "वैनी... पाठ लागली का?"

"लागली भावजी," धुरपताबाई म्हणाली. "दोनी खांदे."

हवेतले दोन्ही पाय एकदम स्थिर झाले. मग ते हलू लागले, आणि तिला कळले की वर पैलवान रडतो आहे.

पट्टी दुसऱ्या पाण्यात बुडून चित्र पक्के बसल्यावरच तिने त्याला मोकळे व्हायची परवानगी दिली. तो मोकळा होईना. शेवटी चार गडी आणि वाटीभर करडईचे तेल लागले. भुजंगाच्या दोन्ही खांद्यांची सालपटे निघाली होती. ती त्याने सणाचे नवे कपडे मिरवावेत तशी आठवडाभर मिरवली.

पूर्ण्याच्या फोटोवाल्याने चित्र मोठे करून छापून दिले. छापताना तो स्वतःशीच पुटपुटत होता, आणि काम झाल्यावर त्याने पेटीलाच नमस्कार केला. चित्राच्या एका कोपऱ्यावर पांढरा डाग आहे, पेवातल्या त्या उन्हाचा. बाकी सगळे स्वच्छ आहे. इतके स्वच्छ, की तोपर्यंत कोणाच्या मनातही न आलेली एक गोष्ट त्यात दिसते : फडाच्या कडेला स्टुलावर बसलेले आबासाहेब. त्यांचे डोळे थेट मुंजाजीच्या टेकलेल्या खांद्यांवर आहेत.

झरीच्या बाजाराच्या दिवशी धुरपताबाई मारुतीच्या पाराशी चित्र घेऊन उभी राहिली. शेजारी भुजंग. पहिला आला तो मुंजाजी. आता तो बैलांच्या दलालीसाठी बाजारोबाज हिंडत असे. त्याने चित्र हातात घेतले, दूर धरले, जवळ धरले.

"आरं तिच्या! मी एवढा देखणा व्हतो?"

"पाठ बग की लेका," भुजंग म्हणाला.

"पाठ काय बगायची? माझीच हाय. वाळूचे खडे रुतले व्हते, बायकोनं चार दिस हळद लावली."

"मग तवा का बोलला न्हाईस?"

मुंजाजीने पाराच्या पलीकडे, दुकानाच्या ओट्यावर लोडाला टेकून बसलेल्या आबासाहेबांकडे एकदा पाहिले. "ज्येचं दूध पेत व्हतो त्येच्यासमोर? पंच बरोबरीत म्हनला, मी उठलो." मग भर बाजारात तो वाकला, भुजंगाच्या पायाला हात लावला, आणि उठून त्याला कडकडून भेटला. "जिंकला व्हतास भुजंगा. लोकहो, ऐका, ह्यो जिंकला व्हता!"

बाजार लोटला. आबासाहेबांनाही उठून यावे लागले. त्यांनी चित्र पाहिले. चित्रातले आबासाहेब कुठे पाहत आहेत तेही पाहिले. भोवतालचे लोक चित्राकडे न बघता त्यांच्याकडे बघत होते. ते म्हणाले, "पेटी आम्ही सांभाळून ठेवली, म्हणून तर हे निघालं." आणि छत्री उघडून निघून गेले. त्या वाक्याला सारा पार खदखदून हसला. तेच वाक्य पुढे पितळेवर कोरले जाईल, हे त्या दिवशी कोणाला खरे वाटले नसते. तालमीच्या छताला सागवान आबासाहेबांनी दिले, एवढे सांगितले की पुरे.

मग धुरपताबाई पारावर चढली. आपल्याकडे बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. घेतलेच तर लग्नाकार्यात, उखाण्यात. विधवा तर घेतच नाही. तिने चित्र दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरले.

"हे चित्र सूर्यभानानं काढलंय," ती मोठ्याने म्हणाली.

कडूबाई गर्दीतून पुढे आली. "धुरपते, नाव घेतलंस?"

"तुमी इतकी वर्सं घेतलंव. रिकामं करून घेतलंव. आज मी भरून घेतलं."

कडूबाई उभी राहिली. तिची जीभ गावाच्या पुढे असे, हे वर सांगितलेच आहे. ती वळली आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "ऐका गं बायांनो! सूर्यभानाची पेटी भरलेली व्हती! ज्यानं ज्यानं हसून घेतलं त्यानं आता तोंड दाखवा!" आणि तिने स्वतःचे तोंड पहिल्यांदा पुढे केले. त्यानंतर जे एकेक करून पाराशी आले, चित्राला हात जोडून गेले, त्यांत ती मूठ डोळ्यापुढे धरणारी बोटेही होती. सर्वांत शेवटी दोन म्हाताऱ्या आल्या. त्यांनी चित्राकडे पाहिलेही नाही. एकीने विचारले, "मग आमचे फोटो बी निगतील का गं?" धुरपताबाई हसत हसत रडली. पुढच्याच महिन्यात तिने सूर्यभानाच्या पेटीत नवा रोल घातला आणि त्या दोघींना अंगणात बसवले. आज आसपासच्या गावांतून लग्नाचे रोल तिच्याकडे धुवायला येतात. पेव तेच आहे, कंदील तोच आहे. तोंडाशी भुजंगाची बायको बसते. भुजंगाला तिथे फिरकू दिले जात नाही.

तिच्या घरात, देवळीत, त्या पट्टीवरचे दुसरे चित्र आहे. त्यात तोंड नाही. काळ्या-पांढऱ्या डागातून वर आलेला एक हात आहे, शेणाने भरलेला. तिला विचारले तर ती सांगते, "ही मी. तोंड दिलं, तवा कुस्ती आली."

उद्घाटनाच्या दिवशी ती तालमीच्या दारापर्यंत आली. तिला वाचता येत नाही. पाटीवर काय लिहिले आहे, असे तिने विचारले. चालकांपैकी एकाने सांगितले, "सगळ्यांची नावं आहेत." ती समाधानाने परत गेली.

वाचकहो, तिला सांगितलेले ते वाक्य खरे करा. झरीच्या तालमीत जा, चालकांना पाटी काढायला लावा, गिलावा निघाला तर निघू द्या. नवी पाटी लावा आणि तिच्यावर एवढेच लिहा : 'चित्र सूर्यभानाने काढले. धुरपताबाईने धुतले.'